कोपरं अंगाला

आमच्या भालकीकर सरांना मेगापिक्सल म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून घ्यावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. तरीसुद्धा आमच्या घरातला पहिला डिजिटल कॅमेरा त्यांनीच निवडला, तोही माझ्या नाकावर टिच्चून. त्या दिवशी मी मनातून चांगलीच चिडले होते. आता ते सगळं आठवलं की त्या चिडण्याचं हसू येतं, आणि पाठोपाठ डोळे भरून येतात.

सर हैदराबादच्या जामबागेतल्या आमच्या मराठी शाळेत कवायत शिकवायचे. किडकिडीत अंग, कात्रीने रेखल्यासारख्या मिशा, खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. निवृत्त झाल्यावर शिट्टी गेली, बूट राहिले. कुठेही टेकून उभे असलेले सर कुणी पाहिलेले नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते ताठ बसून जेवायचे आणि शेजारच्याच्या पाठीवर हलकी थाप मारून त्यालाही ताठ करायचे. बोलणं भालकीकडचं मराठी, आणि त्यात हैदराबादी उर्दू अशी मुरलेली की कुठलं काय ते वेगळं काढता येऊ नये. त्यांचे "हौ" आणि "नक्को" आमच्या अख्ख्या वर्गाच्या तोंडी बसले होते. शाळेत गणिताचे सर मराठी शुद्ध बोला म्हणून ओरडायचे, आणि आम्ही "हौ सर" म्हणायचो.

सर माणसाचा चेहरा बघत नसत, अंग बघत. समोरून कुणी आलं की आधी चालीकडे नजर. "माणूस तोंडानं थापा मारतो, गुडघ्यानं नाही मारत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या शाळेच्या शिपायाला त्यांनी एकदा व्हरांड्यात थांबवलं आणि "उजवी चप्पलच आधी का झिजते रे तुझी? दवाखान्यात जा, कमर दाखव," असं सांगितलं. तो बिचारा घाबरून खरंच गेला. कमर खरंच बिघडलेली निघाली.

मी सहावीत एकदम उंच झाले. वर्गातल्या मुलांच्याही वर डोकं जायला लागलं, तशी मी लाजून पोक काढून चालायला लागले. आईनं टोकून बघितलं, त्यानं पोक वाढलं. सर मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवसापासून कवायतीच्या तासाला सगळ्या वर्गाला भिंतीशी उभं करायला सुरुवात केली. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला. मुलं वैतागली.

"सर, हे कायकू?"

"सगळ्यांच्या पाठी वाकड्या झाल्यात. जमानाच खराब आहे. चला, डोकं भिंतीला!"

तो प्रकार पावसाळा संपेपर्यंत चालला. मग माझी पाठ सरळ झाली आणि एके दिवशी भिंत बंद झाली. अख्ख्या वर्गाला जुंपलं होतं ते माझ्या एकटीसाठी, हे आईनं मला पुढे कॉलेजात गेल्यावर सांगितलं. सर तेव्हा घरी येऊन तिला सांगून गेले होते, "वहिनी, तुम्ही आता तिला काही बोलू नका. मी सगळ्यांनाच धरतो, म्हणजे तिला लागणार नाही."

आता कवायतीचे मास्तर लोकांना वस्तू निवडून द्यायला कसे लागले, तर त्याला देशाचं आर्थिक धोरण कारणीभूत आहे. पूर्वी निवडायचं असं काही नव्हतंच. स्कूटरला नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळेल त्या रंगाची घरी आणून तिला हार घालायचा. पदरी पडलं आणि पवित्र झालं. मग नव्वदनंतर बाजाराची दारं उघडली आणि जिथे एक स्कूटर होती तिथे दहा दिसायला लागल्या. टीव्ही, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं, काय विचारू नका. आमच्या गौलीगुड्यातली मराठी कुटुंबं म्हणजे एका पिढीपूर्वी गावाकडची शेती सोडून आलेली, नोकरीत आणि दुकानदारीत रुळलेली माणसं. त्यांना मिळवायची सवय होती, निवडायची नव्हती. सगळे गांगरून गेले.

पहिले गांगरले ते आमच्या शेजारचे उमरीकर. त्यांना स्कूटर घ्यायची होती आणि चार दुकानं फिरून डोकं फिरलं होतं. सोबत म्हणून त्यांनी सरांना नेलं. सर म्हणाले, "वहिनींना पण घ्या." उमरीकरांना कळेना, स्कूटर चालवणार आपण, बायकोचं तिथे काय काम? पण सरांच्या पुढे कोण बोलणार! मलकपेठेतल्या त्या शोरूममध्ये सरांनी उमरीकर वहिनींना साडीत, हातात भाजीची पिशवी देऊन, एकेका स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवलं. बसा. उतरा. पुन्हा बसा. पाय कुठे ठेवता? हात कुठे धरता? मॅनेजर धावत आला.

"साब, चलाने वाले तो साब हैं ना?"

"चलाने वाला आगे देखता भाई," सर म्हणाले, "गिरने वाली पीछे बैठती."

वहिनी आधी लाजून चूर झाल्या, मग त्यांना गंमत वाटायला लागली, आणि शेवटी त्यांनीच हिरव्या रंगाच्या एका बसक्या स्कूटरवर हात ठेवला. ती उमरीकरांना मुळीच आवडली नव्हती. ती पुढे त्यांच्या घरात मुलाच्या लग्नापर्यंत चालली.

तेव्हापासून ही प्रथाच पडली. काही घ्यायचं म्हटलं की सरांना बोलवायचं. सर आधी घरी येत, चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत. वस्तूचं नाव काढत नसत. त्यांचं लक्ष घरात सगळ्यात कमी कोण बोलतंय याच्याकडे. "ज्याला कुणी विचारत नाही ना, वस्तू शेवटी त्याच्याच गळ्यात पडते," असं ते म्हणत. एकाला पुढून दार उघडणारं कपडे धुण्याचं यंत्र हवं होतं, परदेशी दिसतं म्हणून. सरांनी त्याला दुकानात त्या दारापुढे वाकायला लावलं. वाका, उठा. पुन्हा वाका. कवायतच ती! त्याचा चेहरा लालबुंद झाल्यावर विचारलं, "आता सांग, कपडे कोण धुणार? तुझी आई ना?" त्यानं मुकाट्यानं वरून उघडणारं घेतलं.

सर चुकलेही. एका दूरच्या भाच्याला त्यांनी मोठ्या बटणांचा मोबाइल निवडून दिला, कारण त्याची बोटं जाड. तो आठवड्यात परत करून आला. सर खजील झाले. "त्याला फोन खिशात ठेवायचा नव्हता, लोकांत मिरवायचा होता. ते मी बघितलंच नाही," असं त्यांनी स्वतःहून सगळ्यांना सांगितलं. सरांच्या स्वतःच्या घरात मात्र एक जुना पंखा आणि एक रेडिओ. "जगाच्या घरी यंत्रं, आणि आमच्या घरी कवायत," असं काकू म्हणायच्या, म्हणजे सरांच्या पत्नी.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. माझ्या बाबांना फोटोंचं वेड होतं. महसूल खात्यातली नोकरी, पण रविवार कॅमेऱ्याचा. नुमाइशीतला, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनातला पाळणा, मुसी नदीवरचा पूल, आईच्या हातची पुरणपोळी तव्यावर फुगलेली, शाळेचं गॅदरिंग, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. रोल धुऊन आला की आम्ही सगळे खाटेवर गोल बसायचो आणि बाबा एकेक फोटो हातात द्यायचे, कडेला धरून. त्यावर बोट उमटलं की रागवायचे. आयुष्यात आवाज चढवायचे ते फक्त तेव्हाच.

निवृत्तीच्या आसपास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण हे राहणार. बाबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. फक्त पुढचे दोन रोल हललेले आले, आणि त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला. "आता रोल महाग झालेत," म्हणाले. आम्हीही हो म्हटलं. आई त्यांना कप अर्धाच भरून द्यायला लागली. ते चारचौघांत उजवा हात वर्तमानपत्राखाली ठेवायला लागले. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटायचं, हीच माया.

मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींच्या बाजूला नव्याने नोकरीला लागले होते. बरोबरीचे सगळे पुण्यामुंबईकडून आलेले, शुद्ध बोलणारे, आणि प्रत्येकाकडे खिशात मावणारा चकचकीत डिजिटल कॅमेरा. मलाही हवाच होता. शिवाय मी आईबाबांना विशाखापट्टणमला नेणार होते. बाबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नेटवर वाचून वाचून मी एक चांदीच्या रंगाचा, पत्त्याच्या कॅटासारखा चपटा कॅमेरा नक्की केला होता. रोजच्याला पर्समध्ये राहील, प्रवासाला खिशात. आई म्हणाली, "सरांना विचार तरी." मी कपाळाला हात लावला. पण आईपुढे इलाज नव्हता.

सर आले, चहा घेतला. मी मेगापिक्सल, झूम, बॅटरी सगळं घडाघडा सांगितलं. ते "हौ, हौ" करत होते आणि बघत होते बाबांकडे. बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. चहा निवत होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

सर उठले. "उद्या सकाळी कोटीला जाऊ. देविदासराव, तुम्ही पण या."

"माझं काय काम? पोरीचा कॅमेरा आहे," बाबा म्हणाले.

"मास्तरनं हजेरी घेतली की यायचं असतं," सर म्हणाले आणि बूट चढवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं कोटीच्या बाजारातल्या एका कॅमेऱ्यांच्या दुकानात. विकणारा मोठा चटपटीत होता. त्यानं माझा चांदीचा कॅमेरा काढून काचेवर ठेवला. "मॅडम, लेटेस्ट पीस है. कल ही आया."

मी तो हातात घेतला. सर म्हणाले, "थांब. उभी कशी राहणार, दाखव." त्या कॅमेऱ्याला डोळा लावायला जागाच नव्हती. मागच्या पडद्यात बघायचं, म्हणजे दोन्ही हात पुढे, अधांतरी, चिमटीत धरून. मी तशी उभी राहिले. सरांनी आईच्या हातात दिला, आईही तशीच. मग त्यांनी तो बाबांपुढे केला. बाबांनी मान हलवली, हात खिशातून काढला नाही.

"नक्को हा," सर विकणाऱ्याला म्हणाले. "दुसरा दाखवा. जरा वजनदार."

वजनदार म्हणताच त्यानं मागच्या फळीवरून एक काळा, बोजड, पुढे नळकांडं आलेला कॅमेरा काढला. वर धूळ होती. "ये कोई लेता नै साब. भारी है. लोगां पतला माँगते."

"नाकापेक्षा मोती जड," आई माझ्या कानाशी पुटपुटली. मी नाक मुरडून उभी होते.

"इसमें एक बात है," विकणारा म्हणाला, "हाथ हिला तो भी फोटो कम हिलता. मशीन अंदर से सम्हालता."

आई खाली बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या घरात जे इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, ते या परक्या माणसानं काचेवर आणून ठेवलं होतं.

आणि सर मोठ्यानं म्हणाले, "फिर यहीच चाहिए! मेरा हाथ बहुत हिलता, भाई. बुढापा है."

सरांचा हात! पंजावर काठी उभी धरून मैदानाला फेरी मारणारा माणूस. त्यांनी तो पुढे केला आणि चक्क हलवून दाखवला. इतका वाईट अभिनय मी आयुष्यात पाहिलेला नाही. विकणाऱ्यानं मात्र मनापासून मान डोलावली.

"चला, आता सगळे उभे राहा," सर म्हणाले. त्यांचा आवाज मैदानातला झाला. "पाय थोडे फाकवा. कोपरं अंगाला. अंगाला म्हणजे बरगडीला चिकटवा! वहिनी, तुम्ही पण. अरे तू पण, काय नाव तुझं, बाहर आ." आणि विकणारा खरंच काउंटरच्या बाहेर येऊन आमच्या ओळीत उभा राहिला. "कॅमेरा कपाळाला टेकवायचा. श्वास घ्या. सोडा. पूर्ण सोडा. अन् मग बोट."

रिकाम्या हातांनी, कोपरं बरगड्यांना चिकटवून, आम्ही सगळे कोटीच्या भर बाजारातल्या दुकानात उभे. काचेबाहेर माणसं थांबून बघत होती. आणि मला एकदम ती भिंत आठवली. टाचा, पाठ, डोकं. अख्खा वर्ग एका मुलीसाठी उभा केला होता, तसंच सरांनी आज आम्हा सगळ्यांना एका माणसासाठी उभं केलं होतं.

बाबांनी आमच्या ओळीवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला. विकणाऱ्याकडे नाही, सरांकडेही नाही, आईकडे बघून ते हळूच म्हणाले, "माझाही हलतो. बरेच दिवस झाले."

"हौ," सर म्हणाले, जणू बाबांनी गावाचं नाव सांगितलं होतं. "मग धरा."

बाबांनी तो काळा कॅमेरा धरला. त्याचं वजन तळहातावर बसलं, कोपरं अंगाला लागली, डोळा काचेला टेकला. हात थरथरत होता, पण आता त्याला कपाळाचा आणि बरगड्यांचा टेका होता. त्यांनी श्वास सोडला आणि आईचा फोटो काढला. मागच्या पडद्यावर आई उमटली, पदर तोंडाला लावलेली. बाबा त्या पडद्याकडे बघतच राहिले. मग सवयीनं म्हणाले, "बोट लावू नका हं कुणी."

चांदीचा कॅमेरा तिथेच राहिला. त्याची मला पुन्हा आठवणही झाली नाही.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर बाबा सकाळपासून उन्हं चढेपर्यंत पाय फाकवून, कोपरं अंगाला लावून उभे होते. लाटा, होड्या, भाजलेली कणसं विकणारी बाई, साडी वर धरून ओरडणारी आई. बरेच फोटो हलले. बरेच हलले नाहीत. हललेल्यांबद्दल आता त्यांना लाज वाटत नव्हती, "हा हुकला" म्हणायचे आणि पुढचा घ्यायचे. परत आल्यावर घरी कुणी आलं तर चहाचा कप उघड्यावर दोन्ही हातांनी धरायला लागले. आईनं कप पुन्हा पूर्ण भरायला सुरुवात केली. सांडला तर पुसायचा, त्यात काय! आम्ही ज्याला माया समजत होतो ती बाबांना किती जड जात होती, हे मला तेव्हा समजलं.

फोटो सरांना दाखवायला नेले तेव्हा त्यांनी एकेक निरखून पाहिला. त्यांचा शेरा एवढाच, "समुद्र जरा तिरका आलाय. पण वहिनी सरळ आहेत."

मग वर्षं गेली. सर मुलाकडे मलकपेठेला राहायला गेले. लोक फोनवरच फोटो काढायला लागले, निवडायला सोबत कुणी नेईनासं झालं. वस्तू घरपोच यायला लागल्या. बाबांनी काळा कॅमेरा सोडला नाही. त्याच्या मुठीचं रबर निघालं होतं, ते त्यांनी चिकटपट्टीनं बसवलं होतं.

सर आजारी आहेत असं कळलं म्हणून मी आणि बाबा मलकपेठेला गेलो. ते खुर्चीत बसले होते, न टेकता. पायांत घरातसुद्धा ते पांढरे बूट. काकूंनी चहा आणला. सरांचा कप अर्धाच भरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि बशीवर किणकिण वाजली. मी पटकन दुसरीकडे बघितलं. सरांनी ते अर्थातच पाहिलं.

"इकडं बघ," ते म्हणाले आणि हात पुढे केला. तो थरथरत होता, अभिनय नव्हता. "त्या दुकानवाल्याला मी थाप मारली नव्हती पोरी. जरा आधी सांगितलं, एवढंच."

बाबा हसले. उठले, आणि गळ्यातला कॅमेरा काढून त्यांनी सरांच्या गळ्यात घातला. "आज तुम्ही काढा, सर."

"मी? मी कधी काढलाय फोटो?"

"हजेरी घेतलीय," बाबा म्हणाले.

सर हाताचा आधार न घेता उठले. मला म्हणाले, "तू उभी राहा तिथं. भिंतीला लाग." मी या वयात, दोन मुलांची आई, मुकाट्यानं जाऊन भिंतीशी उभी राहिले. बाबा सरांच्या बाजूला उभे राहून, आपल्या थरथरत्या हातानं त्यांचा खांदा धरून सांगत होते. "पाय थोडे फाकवा. कोपरं अंगाला. कपाळाला टेकवा. श्वास सोडा, पूर्ण सोडा."

सर मला शेवटचे दिसले ते असे. चेहरा काळ्या कॅमेऱ्यामागे, एक डोळा घट्ट मिटलेला, कोपरं बरगड्यांना लावलेली. पुढच्या महिन्यात ते गेले.

तो फोटो माझ्याकडे आहे. थोडा हलला आहे. टाचा, पाठ, डोकं, सगळं भिंतीला लागलेलं आहे, आणि मी रडते आहे की हसते आहे हे त्यात नीट कळत नाही. पण पाठ सरळ आली आहे.